तळहाताएवढा लाल

मित्राचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. मी इंजिनावर वाकून कार्ब्युरेटरच्या नादात होतो, तो रिकामा होता, आणि रिकाम्या माणसाच्या हाताशी रबिंग कंपाउंडचा डबा आणि जुनं फडकं असलं की जे व्हायचं ते झालं. पाठ सरळ करून मागे गेलो तर डिकीच्या झाकणावर तळहाताएवढा एक तुकडा लखलखत होता. बाकी सगळी गाडी विटकरी, कुठे गुलाबीकडे झुकलेली, हात फिरवला तर बोटांना भुकटी लागेल अशी. आणि तिच्या मधोमध हा ओला वाटणारा, उद्धट लाल. "बघ, आत रंग जिवंत आहे अजून," तो म्हणाला, "एका दुपारचं काम आहे. अख्खी गाडी अशी करून देतो तुला." फडकं त्याने कौतुकाने माझ्यासमोर धरलं. तेही लाल झालं होतं.

मी हसून वेळ मारून नेली आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. राग आला होता. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे तो तुकडा मला फार आवडला होता.

गाडी म्हणजे 1967 सालची एमजी मिजेट, उघड्या छपराची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. टार्टन रेड हा तिचा जन्माचा रंग, आणि अंगावर आहे तोही तोच, दुसरा हात कधी बसलेला नाही. त्या काळच्या अशा रंगावर वरून पारदर्शक थर नसे. रंग हाच शेवटचा थर. ऊन आधी रंगाला धरून ठेवणारा चिकट अंश खातं, मग रंगद्रव्याचे कण सुटे होऊन वरच्या वर भुकटीसारखे बसून राहतात. लाल रंगाला तर ऊन विशेष बाधतं. म्हणजे मित्राच्या फडक्यावर उतरला तो मळ नव्हता, गाडीच होती. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी शंभर-दीडशे मायक्रॉन, साध्या कागदाएवढी. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं घेऊन जातं. जिथे पत्रा वळतो त्या कडांवर तर आताच प्रायमर डोकावतो. आजच्या गाड्या अशा म्हाताऱ्या होत नाहीत. त्यांच्या रंगावरचा पारदर्शक थर वर्षानुवर्षं ताठ राहतो आणि मग एकदम हार मानतो. छतावर, बॉनेटवर त्याचे पांढरे पोपडे सुटतात. त्याला पॅटिना, म्हणजे वयाने आणि वापराने चढलेली देखणी झीज, म्हणायला मी तरी धजावणार नाही. हळूहळू फिकं होत जाण्याची सोयच त्यांच्या रंगात ठेवलेली नाही.

मिजेट ही स्वस्त गाडी होती हे विसरून तिच्याविषयी बोलता येत नाही. हे नाव 1928 मधल्या पहिल्या मिजेटपासून चालत आलेलं: मॉरिस मायनरची चासी, 847 सीसीचं इंजिन, लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापडी अंग, किंमत 175 पौंड. स्पोर्ट्स कार ही श्रीमंतांच्या पोरांची चैन असण्याच्या दिवसांत ती पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. माझ्या मिजेटचं घराणं मात्र 1958च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचं. त्या गाडीची काटकसर बघण्यासारखी आहे. इंजिन ऑस्टिनच्या छोट्या घरगुती गाडीचं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. दाराला बाहेरून मूठ नाही, आत हात घालून उघडायचं. डिकीला झाकणच नाही. सामान ठेवायचं तर सीटच्या मागून, अंधारात चाचपडत. हेडलाइट मिटून बॉनेटमध्ये झोपवायचे असा बेत होता, तो खर्चापायी बारगळला आणि दिवे तसेच वर डोळे वटारून राहिले. लोकांनी तिला 'फ्रॉगआय' म्हटलं आणि तेच तिचं रूप ठरलं. पैसे कमी पडले म्हणून जन्माला आलेल्या सौंदर्याची याहून चांगली मिसाल मला ठाऊक नाही. 1961 मध्ये तिचंच अंग बदलून मिजेट आली, दोघी इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या एकाच कारखान्यात बनत. माझी गाडी तिसऱ्या पिढीची, म्हणून तिला दाराच्या मुठी आहेत, वरखाली होणाऱ्या काचा आहेत आणि 1275 सीसीचं इंजिन आहे. ताकद 65 अश्वशक्ती. आजची कुठलीही घरगुती गाडी सिग्नलवरून तिला सहज मागे टाकते, आणि टाकताना तिच्या ड्रायव्हरला आपण शर्यतीत होतो हेसुद्धा कळत नाही.

मिजेटची स्पर्धक ट्रायम्फ स्पिटफायर, तिची गोष्ट तर अशी सांगतात की लेलँड या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने ट्रायम्फ ताब्यात घेतली तेव्हा तिचा नमुना कारखान्याच्या एका कोपऱ्यात धूळ-चादरीखाली पडून होता. पैसे संपल्यामुळे काम थांबलेलं. नव्या मालकांपैकी कोणीतरी चादर उचलून पाहिली, आणि 1962 मध्ये ती बाजारात आली. मायकेलोत्ती या इटालियन डिझायनरने काढलेली ती रेषा आणखी काही महिने चादरीखाली राहिली असती तर कदाचित भंगारात गेली असती. या जातीच्या गाड्यांचं सगळंच असं काठावरचं.

पुढे त्या स्वस्तपणाचाच त्यांना फटका बसला. महागडी गाडी माणूस जपतो. ती गॅरेजमध्ये असते, तिच्या पावत्या फाइलमध्ये असतात. मिजेट कोणाची असायची? पहिल्या नोकरीतल्या पोराची, नंतर त्याच्या धाकट्या भावाची, नंतर ज्याला कुठलीही छत उघडणारी गाडी चालली असती त्याची. ती पावसात उभी राहिली, तिच्या छपराचं कापड फाटलं, ते चिकटपट्टीने जोडलं गेलं. दाराखालचे सिल गंजले तर त्यावर पत्रा ठोकला, पत्र्यावर लांबी भरली, लांबीवर डब्यातला मिळेल तो लाल फवारला. मग एक दिवस गाडीची किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून कमी झाली. अशा हिशेबात हजारो मिजेट संपल्या. ज्या वाचल्या त्या बहुतेक नव्याने रंगवून वाचल्या. एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास मिजेट बनल्या. म्हणून मिजेट दुर्मीळ नाही. आपल्या मूळ कातडीसकट उरलेली मिजेट दुर्मीळ आहे, आणि ती दुर्मीळ झाली ती नेमकी फार लोकांना परवडली म्हणून.

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकांची मला नावं माहीत नाहीत. कागदांची साखळी मध्येच तुटते. पण ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबून सपाट झाली आहे, कारण या गाडीत बसायचं म्हणजे जमिनीलगतच्या खड्ड्यात स्वतःला सोडून द्यायचं, आणि प्रत्येकाने तिथेच भार टाकला. अॅक्सिलरेटरखाली टाचेने गालिचाला भोक पाडलंय. किल्लीच्या भोकाभोवती बारीक ओरखड्यांचं रिंगण आहे. हे अंधारात किल्ली शोधणाऱ्या हाताचं काम. गिअरच्या नॉबवरचे आकडे जवळजवळ पुसले गेलेत, त्यातही तीन आणि चार आधी. पॅसेंजर सीट मात्र खूपच बरी. ते पाहून मी सुरुवातीला एकट्या माणसाची एक हळवी कथा रचली होती. मग एकदा उजेड तिरपा पडला असताना त्या सीटच्या पुढच्या कडेवर समांतर ओरखडे दिसले, चार-चारच्या जोडीने. कुत्रं! वारा तोंडावर घेत पुढच्या कडेला पंजे रोवून बसणारं कुत्रं. माझ्या कथेतला एकटेपणा त्या क्षणी निकालात निघाला आणि मला कारण नसताना आनंद झाला.

या खुणा मी मुद्दाम वाचतो, कारण वाचायला दुसरं काही नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत 1934च्या एका बुगाटीला सर्वोच्च मान मिळाला. तोवर तिथे नव्याने न सजवलेल्या, आहे तशी जपलेल्या जुन्या गाडीला तो मान कधीच मिळाला नव्हता. ती गाडी बेल्जियमच्या राजाकडे होती, तिसऱ्या लिओपोल्डकडे. काळा रंग, त्यावर पिवळा पट्टा, आणि तो रंग जागोजागी तडकलेला. बातमी वाचून मी खूश झालो, जणू आमच्या बाजूचा माणूस निवडून आला. पण राजाच्या गाडीवरचे ओरखडे निराधार नसतात. त्यांना छायाचित्रं असतात, पत्रं असतात, चरित्रकार असतात. उद्या कोणी ती बुगाटी नवीकोरी रंगवली तरी तिचा इतिहास पुस्तकात शिल्लक राहील. मिजेट चालवणाऱ्यांचं चरित्र कोणी लिहिलेलं नाही. त्यांच्या रविवारांचा, त्यांच्या वळणावरच्या हसण्याचा एकमेव पुरावा म्हणजे तो झिजलेला नॉब आणि ती दबलेली सीट. तो पुरावा पॉलिश केला की संपला.

आणि पॉलिश करायला, बदलायला अडचण कसलीच नाही, हा यातला विचित्र भाग. या गाड्यांचं जवळपास सगळं नवं मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 मध्ये मूळ साच्यांवर एमजीबीचं, म्हणजे मिजेटच्या थोरल्या बहिणीचं, अख्खं अंग पुन्हा बनवायला घेतलं. म्हणजे सगळी गाडी गंजून गेली असेल तर नवं अंग आणा, जुनं इंजिन त्यात घाला. रबर, क्रोम, गालिचे, डायलच्या कडा, सगळं घरपोच. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत, त्यांच्यामागची मेहनत मला समजते आणि त्या मेहनतीला नावं ठेवायची माझी ऐपत नाही. पण त्यांच्याजवळ उभं राहिलं की दोन मिनिटांत बोलणं संपतं. बघायचं ते बघून होतं. मालक हळूच तुमच्या पट्ट्याच्या बक्कलकडे बघत असतो, रंगाला लागणार तर नाही ना. माझ्या गाडीला कोणी टेकून उभं राहिलं तर मी त्याला पाना द्यायला सांगतो.

अर्थात, एवढं सगळं बोलल्यावर स्वतःवरच शंका येते. दुसऱ्याच्या झिजेवर आपण भाळतो यात थोडी फुकटेगिरी आहे. टाच त्याची, गालिचा त्याचा, भोक मात्र माझ्या कौतुकाचं. शिवाय आता पॅटिनाला भाव आला आहे, आणि भाव आला की नक्कल आलीच. नवा रंग मारून तो मुद्दाम घासतात, कडांवर प्रायमर दिसेल इतपत, वरून मॅट लॅकर. काही नकला इतक्या हुशार असतात की नवखा फसतोच. पण त्यांच्यात एक दोष हमखास सापडतो: झीज सुंदर ठिकाणी असते. खरी झीज अडाणी असते. ती पेट्रोलच्या झाकणाखाली ओघळासारखी असते, वायपरने काचेवर कोरलेल्या कंसात असते, दाराच्या त्या एकाच जागी असते जिथे कोपर टेकतं. कोणत्याही सजावटकाराला तिथे घासावंसं वाटणार नाही.

गंजाच्या बाबतीत मात्र माझं मन स्वच्छ आहे. गंज म्हणजे पॅटिना नव्हे. मिजेटला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा, आणि छप्पर नसल्यामुळे सगळा ताण दाराखालच्या सिलवर येतो. सिल गेला की जॅक लावताना दार अडकतं, आणि गाडी मधोमध वाकते आहे हे कळतं. माझ्याही गाडीचा डावा सिल गेला होता. तो कापून नवा वेल्ड केला, आणि खरा पेच नंतर आला. नव्या पत्र्याला रंग तर हवा. कोणता? जन्माच्या वेळचा टार्टन रेड मारला तर गाडीने एकच नवा मोजा घातल्यासारखं दिसणार. फिकट करून, मळवून मारला तर मीही त्या नक्कल करणाऱ्यांत जमा. जुन्या वास्तूंसाठी 1964च्या व्हेनिस सनदेत एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. जुन्या वाहनांसाठी फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे ट्युरिन सनद केली, तीही याच वळणाची. चर्च आणि किल्ल्यांसाठी लिहिलेला नियम बाथटबएवढ्या गाडीच्या सिलला लावायचा म्हणजे जरा अतिच, हे मला कळतं. तरी मी तो वाचत बसलो. शेवटी सिल मंद काळ्या रंगात ठेवला, खालून दगड लागू नयेत म्हणून मारतात त्या खरबरीत रंगात. काळा सिल कोणाला फसवत नाही. सुंदर दिसतो असंही नाही.

मित्राला हे पटत नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे आणि ते खोडून काढायला मला अजून जमलेलं नाही: "1967 मध्ये ज्याने ही विकत घेतली त्याने विटकरी गाडी घेतली नव्हती. त्याने लाल घेतली. त्याला जे आवडलं ते तू लपवून ठेवतोस." खरंय. तो तळहाताएवढा तुकडा पाहताना मला जे झालं ते बहुधा त्या पहिल्या माणसालाही झालं असेल. शोरूमच्या काचेपलीकडून, खिशातले पैसे मनात मोजताना. आधीच्या सगळ्या मालकांशी मी इमान राखतो म्हणतो, आणि त्या पहिल्याच्या पहिल्या नजरेला मात्र वगळतो. पुन्हा, तो पहिला माणूस स्वतःच्या गाडीला दर आठवड्याला मेण चोळत असणार. झीज होऊ नये म्हणून झटणाऱ्या माणसांचीच ही झीज आहे. त्यांना माझं हे कौतुक ऐकवलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त गाडी चालवणं आहे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी सोय नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलं की दाते करकरून बजावतात. बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर. ट्रकची चाकं डोळ्यांच्या रेषेत येतात, त्यांच्या नटांवरचं ग्रीस दिसतं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेऱ्यांच्याही आत फिरतं, त्यामुळे वळणाचा नुसता विचार केला तरी नाक तिकडे वळू लागतं. ताशी साठला कानात वारा भरतो, ऐंशीला बोलणं बंद होतं. पेट्रोलचा वास, तापलेल्या तेलाचा वास, उन्हात मऊ झालेल्या रेक्झिनचा वास. घरी आल्यावर कपड्यांना तोच. एवढ्या कमी वेगात एवढं काही घडतं, म्हणून लायसन्सची काळजी न करता गाडी पिळता येते. हा मजा देण्याचा स्वस्त मार्ग कोणीतरी विचारपूर्वक शोधून काढला होता, आणि गाडीचा रंग उडाला असला तरी तो मार्ग झिजलेला नाही. पुढच्या चाकाने एक खडा उडवला. परत येऊन पाहिलं तर मडगार्डच्या मागे नवा टवका. चरफडलो, मग खाली बसून जवळून पाहिलं. त्याच्या शेजारी जुने पंधरा-वीस होते. माझा कुठला हे आता मलाच सांगता येत नाही.

तो चमकता तुकडा तसाच आहे. त्याला फिकट करायला मी काही करणार नाही, आणि वाढवायलाही नाही. मेणाचा हलका हात सगळ्या गाडीला देतो, भुकटी जागच्या जागी राहावी एवढाच. त्यात तोही येतो. लोक विचारतात, हे काय, इथेच का पॉलिश केलं? मी मित्राचं नाव सांगतो. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला हे कोणी सांगणार नाही, तो आपली कथा रचेल, बहुधा चुकीची.

सध्या डोक्याला त्रास वेगळाच आहे. ब्रेकचे रबरी होस जुने झालेत, वाकवले की बारीक चिरा दिसतात. नवे मागवले आहेत. मित्र म्हणाला, "अरे, त्या चिरा म्हणजे पॅटिना ना?" त्याला म्हटलं, तू येऊन पेडल दाब, मी खालून हवा काढतो. आणि येताना ते कंपाउंड घरी ठेवून ये.